आधी जीभ, मग बाटली

कर्नाटकात १ जुलै २००७ पासून अरॅकची विक्री बंद झाली. प्लॅस्टिकच्या पुडीतून मिळणाऱ्या या स्वस्त दारूनं हमालाचा, गवंड्याचा, वखारीतल्या मजुराचा रोजगार संध्याकाळी घरी पोचायच्या आधीच कसा संपवला, हे ज्यांनी पाहिलं त्यांना या बंदीचं मोल सांगायला नको. त्याच वर्षी राज्यानं आणखी एक धोरण आणलं. त्याचं नाव द्राक्ष प्रक्रिया आणि वाईन धोरण. एका हातानं पुडी काढून घेतली आणि दुसऱ्या हातानं बाटली पुढं केली, असं त्या वेळी कुणी म्हणालं असेल तर त्यात चूक नव्हती. फक्त पुडी ज्याच्या हातातून गेली आणि बाटली ज्याच्या पुढ्यात आली, ती दोन माणसं वेगळी होती.

त्या धोरणानं राज्याचे द्राक्षपट्टे पाडले. बेंगळुरूच्या बाजूला नंदी खोरं, उत्तरेला कृष्णा खोरं. विजयपूर आणि बागलकोटच्या जोडीनं बेळगाव जिल्हाही कृष्णा खोऱ्यात आला. म्हणजे कागदोपत्री बेळगाव-निपाणीची माणसं गेली कित्येक वर्षं वाईनच्या मुलखात राहतात. तरीही इथल्या चाळिशीतल्या माणसाला पहिल्यांदा वाईन चाखून बघायची असेल तर तो गोव्याहून येणाऱ्या मित्राला फोन करतो, किंवा दुकानात जाऊन सगळ्यात ओळखीचं लेबल उचलतो. ती बाटली आवडत नाही. मग ‘वाईन आपल्याला मानवत नाही’ असा कायमचा निकाल लागतो.

हा निकाल घाईचा आहे, असं मला वाटतं. तांबड्या रश्श्यातला लवंगेचा कमीजास्तपणा ओळखणाऱ्या, कुंदा कुठल्या दुकानातला आहे ते पहिल्या घासाला सांगणाऱ्या या भागातल्या जिभेला चवीचं शिक्षण द्यायची गरज नाही. तिला कमी पडतो तो क्रम. आधी काय प्यायचं, मग काय, आणि का.

द्राक्ष आहे, वाईन नाही

बेळगाव जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडं बघत गेलं तर पाऊस पावलोपावली कमी होतो. चोर्ला घाटाच्या माथ्यावरच्या कणकुंबीत तो धो धो कोसळतो. बेळगाव आणि खानापूरच्या भागात भातापुरता पडतो. वेदगंगा आणि दूधगंगेच्या मधल्या निपाणी पट्ट्यात तंबाखू आणि ऊस पिकतो, आणि अथणी ओलांडून तेलसंगच्या बाजूला गेलं की आभाळ कोरडं. द्राक्षाला नेमकं हेच कोरडं आभाळ लागतं. फुलोऱ्यात पाऊस आला की डावणी पडते आणि वर्षाची मेहनत आठवड्यात जाते. म्हणून द्राक्ष अथणीत आहे, पलीकडं तिकोट्यात आहे, जत आणि तासगावात आहे. निपाणीत नाही.

पण अथणीची बाग वाईनसाठी नाही. थॉमसन, सोनाका, माणिक चमन या बिनबियांच्या जाती खायला आणि बेदाण्याला. सोनाका ही जात सोलापूरजवळच्या नान्नजचे प्रयोगशील बागाईतदार नानासाहेब काळे यांनी निवडून वाढवली. लांबट, पातळ सालीचा, गरानं भरलेला मणी हा खाणाऱ्याचा आनंद आहे, पण वाईन करणाऱ्याची पंचाईत आहे. लाल वाईनचा रंग, तिचा तुरटपणा आणि वासाचा मोठा भाग सालीतून आणि बियांतून येतो. वाईनचं द्राक्ष म्हणून लहान, जाड सालीचं, बियांचं, गोडीच्या जोडीला आंबटपणा टिकवून ठेवणारं असतं. कॅबर्ने सोव्हिन्यॉचा घड कुणी पाटीवर मांडला तर गिऱ्हाईक दोन मणी तोंडात टाकून पुढं जाईल.

आणखी एक फरक बाटली निवडताना उपयोगी पडतो. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि फळ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढतात. आपल्याकडं वेल झोपत नाही. त्याला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी अशी दोनदा कात्री लावावी लागते, आणि पीक जानेवारी ते मार्चमध्ये येतं. म्हणजे बाटलीवर छापलेलं साल एकच असलं तरी भारतीय वाईन युरोपातल्या वाईनपेक्षा साधारण सहा-आठ महिन्यांनी जुनी असते. पांढऱ्या वाईनमध्ये हा फरक जाणवतो, कारण ती ताजी प्यायची असते.

शेजारच्या बागा

महाराष्ट्रानं हे सगळं सहा वर्षं आधी सुरू केलं. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणातून नाशिकमध्ये विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाईन पार्क आले. विंचूरच्या आसपासचा मुलूख फोफावला. पलूसचं पार्क कृष्णेच्या काठी असून तसं वाढलं नाही. निपाणीहून पलूस शंभरेक किलोमीटरवर, पण इथल्या माणसाला वाईन म्हटलं की आठवतं ते नाशिक.

खरी सुरुवात त्याच्याही आधीची. श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला शॅतो इंडाज उभी केली आणि तिथली फेसाळ वाईन ‘उमर खय्याम’ या नावानं परदेशात गेली. पुढं हा डोलारा कर्जात बुडाला. कंवल ग्रोव्हर यांनी शँपेनचे जॉर्ज व्हेसेल यांना सोबत घेऊन १९८८ मध्ये बेंगळुरूजवळ दोड्डबळ्ळापूरला बाग लावली. अमेरिकेतली नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकला १९९७ मध्ये वेल लावले आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाईन बाजारात आणली. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला, जिथं सहकारी साखर कारखान्याशिवाय दुसऱ्या कशाची चर्चा नसायची, तिथं रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील यांनी दिल्लीच्या सेखरी बंधूंशी आणि इटलीच्या सेक्की बंधूंशी भागी करून २००७ मध्ये फ्रातेली सुरू केली. टस्कनीचे पिएरो मासी तिथं वाईन घडवायला आले.

ही नावं पाठ करायची गरज नाही. सांगायचं इतकंच, की बेळगावातल्या नवख्या माणसाला पहिल्या दहा बाटल्यांसाठी फ्रान्सकडं बघायचं कारण नाही. परदेशी वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानं डिसेंबर २०२२ पासून काही वाईनवरचं शुल्क उतरायला लागलं. तरी दोन हजार रुपयांच्या परदेशी बाटलीत वाईनचा वाटा किती आणि कराचा किती, याचा विचार केला की तेवढ्याच पैशात मिळणाऱ्या दोन देशी बाटल्या शिकणाऱ्याला जास्त शिकवतात.

अडचण सीमेची आहे. वाईन कुठल्या मातीत पिकली याच्याइतकंच ती कुठल्या राज्यात विकायची आहे, यावर इथल्या दुकानातला माल ठरतो. प्रत्येक राज्यात लेबलाची वेगळी नोंदणी, वेगळा अबकारी कर, आणि बाहेरच्या मालावर सहसा जास्त बोजा. नाशिकच्या सुलानं २०१७ मध्ये चन्नपट्टणची वाईनरी विकत घेतली, त्यामागं कर्नाटकाची बाजारपेठ आतूनच धरण्याचा हिशेब होता. ग्राहकाला हे सगळं दिसतं ते बाटलीवरच्या एका ओळीत: फक्त अमुक राज्यात विक्रीसाठी. दूधगंगा ओलांडून कागलात मिळणारी बाटली कोगनोळीच्या अलीकडं मिळेलच असं नाही. कागलातली पिशवीत घालून आणावी तर अबकारी खातं आडवं येतं. गोव्याची बाटली चोर्ल्यानं आणणाऱ्यांनी कणकुंबीच्या नाक्यावर काय होतं ते घरच्यांना सांगितलेलं नसतं एवढंच. वयाचंही तसंच. गोव्यात मद्य घ्यायला १८ वर्षं पुरतात, कर्नाटकात २१ लागतात, आणि महाराष्ट्रात कडक मद्यासाठी २५.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर पोर्टचंही बघू. बेळगावातल्या अनेक घरांत वाईन म्हणून पहिल्यांदा आलेली बाटली गोव्याची ‘पोर्ट’ असते. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. त्या खोऱ्याची हद्द १७५६ मध्येच आखली गेली. द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षाचं स्पिरिट घालून आंबणं थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास जातो. गोव्याकडची पोर्ट नावापुरती. ती गोड, स्वस्त लाल वाईन आहे. नाताळच्या केकमध्ये ती छान लागते, आणि तिच्यावर वाढलेल्या माणसांना तिच्याविषयी वाटणारी माया मला समजते. पण तिच्यावरून वाईनचं मत बनवू नये. गोडव्याखाली द्राक्ष दिसतच नाही.

सहा रस पुरेसे

वाईनच्या इंग्रजी पुस्तकांत वासांची जी यादी असते ती वाचून नवखा माणूस अर्धा खचतो. ब्लॅककरंट, गूजबेरी, व्हायोलेट. यांतलं काहीही निपाणीच्या गुरुवारच्या बाजारात बघायला मिळत नाही. ती यादी बाजूला ठेवावी आणि आजीनं शिकवलेले सहा रस घ्यावेत. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. वाईनमध्ये यांतले गोड, आंबट आणि तुरट हे तीन ठळक असतात आणि कडू मागून थोडासा येतो. कुठलीही बाटली आधी या तीन रसांनी मोजावी.

गोडी म्हणजे आंबून न संपलेली साखर. युरोपच्या नियमात लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली साधी वाईन ‘ड्राय’, आणि आंबटपणा पुरेसा असेल तर ९ ग्रॅमपर्यंतही. ४५ ग्रॅमच्या पुढं ‘स्वीट’. फेसाळ वाईनमध्ये नावं फसवतात. तिथं ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा गोड असते.

आंबटपणा तोंडाला पाणी आणतो. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना किती वेळ पाणी सुटतं, तेवढा आंबटपणा. तो नसेल तर वाईन सपक लागते. तुरटपणा तोंड कोरडं करतो. कच्चं करवंद खाल्ल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, तेच. तो सालीतून आणि बियांतून येतो, म्हणून लाल वाईनमध्ये जास्त, आणि पांढरीत जवळजवळ नाही, कारण पांढऱ्या वाईनचा रस सालीपासून आधीच वेगळा करतात. रोझेमध्ये साल काही तास ठेवून काढून घेतात.

वासाचं भांडवल तर या भागाकडं भरपूर आहे. सोव्हिन्यॉ ब्लाँमध्ये पेरू आणि ढोबळी मिरची शोधावी. शेनिन ब्लाँमध्ये सफरचंद, नासपती, कधी मध. शिराझमध्ये जांभूळ आणि मिरे. हे मिरे कवीकल्पना नाहीत. शिराझमध्ये जो रोटंडोन नावाचा पदार्थ असतो तोच काळ्या मिऱ्याच्या वासाचा मुख्य धनी असल्याचं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. गंमत अशी की साधारण पाचातल्या एका माणसाला हा पदार्थ जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून एकाच बाटलीवर दोन मित्रांचं पटलं नाही तर दोघंही खरं बोलत असू शकतात.

जुन्या लाल वाईनचं वर्णन करताना जगभरचे जाणकार दोन शब्द हमखास वापरतात: तंबाखू आणि चामडं. पॅरिसमधल्या नवशिक्याला हे दोन वास कल्पनेनं जुळवावे लागतात. निपाणीच्या माणसाचं बालपण तंबाखूच्या वखारींशेजारून शाळेत जाण्यात गेलेलं असतं. अथणी-निपाणीत ज्या चपला शिवल्या जातात, त्यांना कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन लागू आहे. ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांना मिळून दिलेलं आहे. नव्या चपलेच्या जोडीचा वास ज्यानं घेतला आहे, त्याला ओकच्या पिंपात मुरलेली कॅबर्ने ओळखायला वर्ग लावावा लागत नाही.

चार बाटल्या, याच क्रमानं

क्रम साधा आहे. कमी तुरटाकडून जास्त तुरटाकडं आणि हलक्याकडून भारीकडं जायचं. चारही भारतीय, साधारण ६०० ते १,२०० रुपयांच्या दरम्यानच्या. शक्य असेल तिथं ३७५ मिलिलिटरची छोटी बाटली घ्यावी.

पहिली, शेनिन ब्लाँ. मूळ फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं हे द्राक्ष दख्खनच्या उन्हातही आंबटपणा टिकवून धरतं, म्हणून इथं रुळलं. आपल्याकडच्या अनेक शेनिनमध्ये साखरेचा हलका हात असतो. त्यामुळे सरबतावर वाढलेल्या जिभेला ती परकी वाटत नाही. नव्या माणसाला पहिल्यांदाच कॅबर्ने पाजणारे मित्र त्याचं नुकसान करतात.

दुसरी, सोव्हिन्यॉ ब्लाँ. ही बहुधा पूर्ण कोरडी, जास्त आंबट, वासाला हिरवी. ही शेनिनच्या शेजारी ठेवून प्यायली की ‘ड्राय’ म्हणजे काय ते कळतं. ही आवडली नाही तरी चालेल, पण का आवडली नाही ते सांगता आलं पाहिजे. आंबट जास्त झाली की गोडी कमी पडली? एवढं सांगता आलं की तिसरी बाटली निवडणं सोपं जातं.

तिसरी, रोझे. गुलाबी रंगामुळे हिला ‘बायकांची वाईन’ म्हणून बाजूला सारणारे पुरुष आपल्याकडं कमी नाहीत. ते जेवणातली सगळ्यात कामाची वाईन गमावतात. लाल द्राक्षाचा वास, पांढऱ्या वाईनचा थंडावा आणि अगदी थोडा तुरटपणा. लाल वाईनची भीती इथं मोडते.

चौथी, शिराझ. आपल्या उन्हात शिराझ चांगली पिकते. तिचा तुरटपणा कॅबर्नेपेक्षा बहुधा मऊ असतो आणि वास मसाल्याच्या डब्याशी नातं सांगतो. अकलूजची सँजोव्हेझे असो किंवा कुणाची पिंपात मुरवलेली रिझर्व्ह कॅबर्ने, ती या चौघींनंतर.

गारव्याचं पथ्य पाळावं. लाल वाईन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा सल्ला युरोपातल्या दगडी घरांचा आहे, साधारण १५ ते १८ अंशांचा. बेळगावच्या डिसेंबरात तो जमेल. निपाणीच्या एप्रिलमध्ये लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, नाहीतर मद्यार्क नाकात घुसतो आणि बाकी काही कळत नाही. पांढरी आणि रोझे दोन-तीन तास. ग्लास काचेचा, तिसरा हिस्साच भरलेला, म्हणजे वास साठायला जागा राहते. स्टीलच्या पेल्यात रंगही कळत नाही आणि वासही. उघडलेली बाटली झाकून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. ती एका रात्रीत संपवायची गरज नाही.

वर्तमानपत्रात गुंडाळलेली परीक्षा

पॅरिसमध्ये २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परिअर या इंग्रज वाईन व्यापाऱ्यानं फ्रेंच परीक्षकांपुढं फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन नावं झाकून ठेवल्या. पांढऱ्यांत शॅतो माँटेलिना आणि लाल रंगात स्टॅग्ज लीप पहिल्या आल्या. दोन्ही अमेरिकी. फ्रान्स हादरला. तेच स्परिअर आयुष्याच्या उत्तरार्धात अकलूजच्या फ्रातेलीशी जोडले गेले, आणि मासी-स्परिअर या जोडीच्या आद्याक्षरांची ‘एमएस’ मालिका माळशिरस तालुक्यातल्या द्राक्षांतून निघाली.

दुसरा प्रयोग बोर्दोचा, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला. वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन वास नसलेल्या रंगानं लाल करून दिली. त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. डोळ्यानं नाकाला फसवलं. शिकलेल्यांचं हे असं होतं, तर नवख्यानं लाजायचं कारण उरत नाही.

घरी नावं झाकून चाखण्याचा प्रयोग करायला खर्च नाही. चौघांनी एकेक बाटली आणायची. दुकानदार नाहीतरी ती ‘तरुण भारत’च्या नाहीतर ‘पुढारी’च्या पानात गुंडाळूनच देतो. ती गुंडाळी तशीच ठेवायची आणि वर आकडे टाकायचे. किंमत, नाव, लेबल काहीच दिसत नाही. प्रत्येकानं वहीत गोड, आंबट, तुरट यांना पाचपैकी गुण द्यायचे, एखादा ओळखीचा वास लिहायचा, आणि पुन्हा घेणार का, हो की नाही, एवढंच. घोट थुंकायला एक भांडं ठेवावं. जगभरचे परीक्षक थुंकतात, त्यात कसला अपमान? शेवटी कागद काढले की महागडी बाटली आणणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

ताटात काय वाढलंय

तिखट जेवणाबरोबर वाईनचं एक वैर आहे, आणि ते आपल्या भागात विसरून चालत नाही. मिरचीनं जीभ पेटलेली असताना तुरटपणा आणि मद्यार्क दोन्ही ती जळजळ वाढवतात. थोडी साखर आणि थंडपणा ती शमवतात. म्हणून संकेश्वरी मिरचीच्या तांबड्या रश्श्याबरोबर रिझर्व्ह कॅबर्ने म्हणजे दोघांचंही वाटोळं. तिथं थंडगार शेनिन किंवा रोझे. काजू-खसखस-नारळाचा पांढरा रस्सा शेनिनला बहिणीसारखा वागवतो. तिखट बेताचं असलेलं सुकं मटण आणि शिराझ यांचं जमतं, कारण मटणातली चरबी आणि प्रथिनं तुरटपणा मऊ करतात. कारवारहून आलेल्या तळलेल्या सुरमईवर लिंबू पिळतो, त्या जागी सोव्हिन्यॉ ब्लाँचा घोट घेऊन बघावा. शाकाहारी घरात झुणका-भाकरी आणि भजी यांच्यासोबत फेसाळ ब्रूट. तेल धुऊन काढायला बुडबुडे कामाला येतात.

कुंद्याचं काय? नियम असा की वाईन गोड पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट आणि रोडावलेली लागते. बेळगावी कुंद्याला हरवणारी बाटली शोधणं अवघड. उशिरा तोडलेल्या द्राक्षाची ‘लेट हार्वेस्ट’ शेनिन मिळाली तर जवळपास पोचता येईल. गोकाकच्या करदंटाशी तिचं जास्त जमतं, कारण त्यातल्या डिंकाला आणि सुक्यामेव्याला गोडव्याची घाई नाही.

हिशेब सरळ मांडू

‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रात गाजलं. मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू द्यायचा मंत्रिमंडळाचा निर्णय, त्यावरचा गदारोळ, अण्णा हजारे यांचा उपोषणाचा इशारा, आणि मग निर्णय थंड बस्त्यात. वाद राजकीय होता, पण वाक्य चुकीचंच होतं. १३ टक्क्यांच्या वाईनच्या १५० मिलिलिटरच्या ग्लासात साडेएकोणीस मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये तेरापेक्षा थोडा कमी. म्हणजे वाईनचा एक ग्लास हा दीड छोटा पेग आहे, आणि पूर्ण बाटली साडेसात. रक्तात १०० मिलिलिटरमागं ३० मिलिग्रॅम ही गाडी चालवणाऱ्याची कायदेशीर मर्यादा. निपाणी-बेळगाव महामार्गावर स्टीअरिंग धरायचं असेल तर त्या दिवशी चाखणंही नको.

‘हृदयाला चांगली’ हेही सोडून द्यावं. मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. आपल्या कपाटातल्या द्राक्षासवातही धायटीच्या फुलांच्या मदतीनं आंबून मद्यार्क तयार होतो. पण ते चमच्यानं घ्यायचं औषध आहे, त्याचा दाखला देऊन ग्लास भरता येत नाही. जे पीत नाहीत त्यांना वाईनपासून सुरुवात करायला लावावी, असा या लेखाचा हेतू नाही. जे चाखणारच आहेत त्यांनी कमी चाखावं आणि कळून चाखावं.

शेतकऱ्याच्या नावानं वाईनची बाजू मांडणाऱ्यांनाही निपाणी काही सांगू शकते. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी महामार्ग अडवला, आणि आंदोलन गोळीबारापर्यंत गेलं. ज्या पिकाच्या शेवटाला आजार आहे, त्याच्यावर घर चालवणाऱ्या कुटुंबाचं दुःखही खरं असतं, हे या गावानं जवळून पाहिलं आहे. नाशिकला तेच वेगळ्या रूपात दिसलं. तिथं धोरणाच्या भरवशावर वाईनची द्राक्षं लावली गेली, २००८ च्या मंदीनंतर घेणारं कुणी उरलं नाही, आणि अनेकांनी बागा उपटल्या. शेतकऱ्याला मदत म्हणून कुणी वाईन पीत नसतं. प्यायली तर चव आवडली म्हणून, आणि तीही पुन्हा मागावीशी वाटली तर.

तीन प्रश्न

दुकानात गिऱ्हाईक साधारण दोन गोष्टी विचारतं. “गोड हाय काय ओ?” आणि “किती परसेंट?” दोन्ही प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांच्या उत्तरात दुकानदार पोर्टकडं बोट दाखवतो आणि त्याचंही बरोबर असतं. चार बाटल्यांनंतर, पाचवी स्वतः निवडायची वेळ येते तेव्हा, तीन वेगळे प्रश्न विचारावेत. द्राक्ष कुठलं? साल कुठलं? आणि बाटली ठेवली होती कुठं?

द्राक्षाचं नावच नसेल आणि नुसतं ‘रेड वाईन’ लिहिलं असेल, तर निर्मात्यालाही ते सांगायची इच्छा नाही असं समजावं. ‘फोर्टिफाइड’ लिहिलं असेल तर वरून स्पिरिट घातलं आहे. पांढरी किंवा रोझे दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर परत ठेवावी. जुनं ते सोनं हा हिशेब स्वस्त वाईनला लागत नाही. आणि काचेच्या दर्शनी फळीवर, दुपारच्या उन्हात महिनोन्‌महिने उभी असलेली बाटली कितीही नावाजलेली असली तरी मागच्या खोक्यातली मागावी. उष्णतेनं वाईन शिजते आणि तिला कुजक्या मनुकांचा वास येतो.

पहिल्यांदा हे विचारल्यावर दुकानदार वैतागेल. त्याच्या फळीवर आज जे आहे ते आजवर विचारलेल्या प्रश्नांचं उत्तर आहे. बेळगावात दहा आणि निपाणीत पाच गिऱ्हाइकांनी शेनिनचं साल विचारायला सुरुवात केली, तर पुढच्या खेपेला तो वितरकाकडं नवी शेनिन मागेल. ते करायला ना अबकारी खात्याची परवानगी लागते, ना सीमाप्रश्न सुटायची वाट बघावी लागते.